कोरियाची अक्षरे आणि आपण

७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते चंडीगढ ह्या नव्या नगराचे उद्घाटन झाले. आज ज्यास आपण सेक्टर ३९ म्हणतो, तो भाग त्या वेळी आखणीच्या पुढच्या टप्प्यात होता. तेथे अद्याप वस्ती यावयाची होती. त्याच महिन्यात हजारो मैलांवर, कोरियाच्या निर्लष्करी पट्ट्यात, हिंदी सैनिकांनी तंबूंचे एक दुसरेच नगर वसविले होते. त्याचे नाव हिंदनगर. त्या नगराचे सेनापती होते मेजर जनरल थोरात, म्हणजे कोल्हापूरकडील वडगावचे शंकरराव पांडुरंग पाटील-थोरात. घरापासून दूर सरकारी कामावर गेलेल्या मराठी माणसांच्या कथा पुष्कळ आहेत. परंतु इतक्या दूर, इतक्या अपरिचित भाषेच्या प्रदेशात आणि इतक्या नाजूक कामावर गेलेल्यांची कथा विरळाच.

काम असे होते. २७ जुलै १९५३ रोजी युद्धविराम झाला, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या सैन्याकडील चिनी व कोरियन कैद्यांपैकी २२,६०४ जण मायदेशी परत जाण्यास राजी नव्हते. दुसऱ्या बाजूकडेही असे ३५९ कैदी होते. ह्या सर्वांना ताब्यात ठेवून, प्रत्येकाची खरी इच्छा काय आहे हे ठरविण्यासाठी पाच राष्ट्रांचा एक आयोग नेमण्यात आला. जनरल थिमय्या हे त्याचे अध्यक्ष, आणि पहाऱ्याची जबाबदारी थोरातांच्या फौजेवर. दक्षिण कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांचा विरोध एवढा तीव्र होता, की हिंदी सैनिकांना इंचॉन बंदरातून हेलिकॉप्टरने त्या पट्ट्यात उतरविणे भाग पडले.

प्रत्येकाची इच्छा जाणून घ्यावयाची, हे कागदावर सोपे होते. प्रत्यक्षात कुंपणाच्या आत पुढाऱ्यांची टोळी, बाहेर पहारेकरी, आणि मध्ये अशी भाषा की जी पहारेकऱ्यास एका शब्दानेही कळत नव्हती. ज्याला परत जावेसे वाटे त्याला रात्री-अपरात्री तारा ओलांडून पहारेकऱ्यापाशी धावत यावे लागे. कारण आपल्या माणसांसमोर तसे बोलणे जिवावर बेतण्याजोगे होते. सप्टेंबरमध्ये चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल ह्या अधिकाऱ्यास ओलीस धरले, तेव्हा थोरात स्वतः त्या कुंपणात शिरले आणि शस्त्राने नव्हे, तर समजुतीने त्यांची सुटका करवून घेतली. १५ ऑक्टोबरपासून २३ डिसेंबरपर्यंत कैद्यांना समजावून सांगण्याचे काम अडखळत चालले; बहुसंख्य कैद्यांपर्यंत ते पोहोचलेच नाही. शेवटी ८८ जणांनी दोन्ही बाजू नाकारून तटस्थ देशांचा मार्ग धरला व ते फेब्रुवारी १९५४ मध्ये आपल्या फौजेबरोबर भारतात आले. थोरातांच्या फौजेचा संयम वाखाणला गेला, आणि ते योग्यच झाले. पण इतिहासाच्या वाचकाने हेही ध्यानात ठेवावे, की तेथे माणूस आणि त्याचे म्हणणे ह्यांच्यामध्ये सदैव एक दुभाषा उभा होता.

सेक्टर ३९ मधील आम्ही काही मराठी मंडळींनी कोरियन भाषेचा प्राथमिक सघन वर्ग सुरू केला, तो मुलांच्या हौसेमुळे. मुलांना तिकडच्या गाण्यांचे व नाटकमालिकांचे वेड. आणि आज रांजणगाव-तळेगावकडे कोरियन कारखाने उभे असल्याने त्या हौसेला व्यवहाराचीही जोड आहे. परंतु पहिल्या आठवड्यात अक्षरे गिरवताना आम्हांस जे आढळले, त्याने आमचे लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे वेधले.

जगातील बहुतेक लिप्या कोणी केल्या हे सांगता येत नाही. कोरियन लिपीचा कर्ता मात्र ठाऊक आहे. राजा सेजोंगने १४४३ मध्ये ती सिद्ध केली व १४४६ मध्ये प्रसिद्ध केली. तोवर लिखाण चिनी अक्षरांत चाले. ती शिकावयास वर्षे लागत. म्हणून लिहिणे-वाचणे उच्च कुळांतील मूठभरांच्या हाती राहिले होते. सामान्य माणसास आपले म्हणणे मांडावयाचे असूनही ते मांडता येत नाही, ही खंत राजाने आपल्या प्रस्तावनेत स्पष्ट नोंदविली आहे. नव्या लिपीत २८ अक्षरे होती; आज २४ उरली आहेत. शहाण्यास ती एका सकाळीत आणि मंदास दहा दिवसांत येतील, असा त्या वेळच्या पंडितांचा दावा होता. आम्हांस चार दिवस लागले. आम्ही कोणत्या वर्गात बसतो ते वाचकांनी ठरवावे.

ह्या अक्षरांची घडण पाहून मराठी माणसास आपल्या वर्णमालेची आठवण झाल्यावाचून राहत नाही. 'क'चे चिन्ह म्हणजे घशाकडे मूळ उचललेल्या जिभेची आकृती. 'न'चे चिन्ह वरच्या हिरडीस टेकलेल्या जिभेची. 'म' हा तोंडाचा चौकोन. 'स' हा दाताचा आकार. आणि वर्तुळ म्हणजे कंठ. अल्पप्राण वर्णास एक रेघ जोडली की महाप्राण होतो. उच्चारस्थानांवरून वर्णांचे वर्ग पाडण्याची ही दृष्टी कोरियाला चिनी ध्वनिशास्त्रातून मिळाली, आणि चिनी ध्वनिशास्त्रावर बौद्ध भिक्षूंनी नेलेल्या संस्कृत वर्णविचाराचा संस्कार झालेला होता. कंठ्य, दन्त्य, ओष्ठ्य हे आपले शब्द असे फार लांबचा प्रवास करून तेथे पोहोचले आहेत.

लिपी सोपी असली तरी तिचा मार्ग सोपा नव्हता. १४४४ मध्येच छ्वे मान-री प्रभृती दरबारी विद्वानांनी राजास निवेदन केले, की चिनी अक्षरे सोडणे म्हणजे रानटी लोकांच्या पंक्तीस जाऊन बसणे होय. १५०४ मध्ये यॉन्सान राजाने ह्या लिपीवर बंदी घातली. कारण त्याच्या दुराचाराची निंदा करणारी पत्रके लोकांनी तीतच लिहिली होती. ज्या लिपीत प्रजा राज्यकर्त्यास दोष देऊ शकते, ती लिपी यशस्वी झाली, असेच म्हणावे लागेल. पुढे साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ ती स्त्रियांच्या पत्रांत व लोककथांत जगली. सरकारी कागदांवर ती १८९४ मध्ये आली. त्यानंतर सोळाच वर्षांनी जपानने देश गिळला. १९४२ मध्ये कोरियन भाषेचा कोश रचणाऱ्या मंडळींना तुरुंगात टाकण्यात आले. त्यांपैकी दोघे तेथेच वारले. जप्त झालेले हस्तलिखित १९४५ मध्ये सोल स्थानकाच्या वखारीत सापडले, आणि १९५७ मध्ये तो कोश पूर्ण झाला.

भाषाही आम्हांस वाटली तितकी परकी नाही. क्रियापद शेवटी येते. विभक्तिप्रत्यय नामाच्या मागून लागतात. तू, तुम्ही, आपण ह्यांसारखे आदराचे थर क्रियापदात शिरलेले आहेत. चव घेण्यास ते 'मॉगॉ बोदा' म्हणतात, म्हणजे अक्षरशः 'खाऊन पाहणे'. इंग्रजीतून शिकणाऱ्यास ही वळणे अवघड जातात; आम्हांस ती घरची वाटली. अडचण पडली ती आकड्यांची. तेथे अंकांचे दोन संच आहेत, एक देशी व एक चिनी. घड्याळातील तास देशी अंकांत सांगावयाचा आणि मिनिटे चिनी अंकांत! मात्र अशा साम्यांवरून रक्ताचे नाते जोडण्याचा मोह टाळावा. वडिलांना तेही 'आप्पा' म्हणतात, एवढ्याने कोल्हापूर आणि सोल भाऊबंद ठरत नाहीत.

आता मुद्द्याची गोष्ट. आपण बदलीची माणसे. ज्या गावी जातो तेथली भाषा न शिकताही आपले काम इंग्रजी-हिंदीवर भागते; केंद्रशासित चंडीगढची राजभाषा तर इंग्रजीच आहे. पण अर्ज घेऊन दाराशी उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याचे म्हणणे कारकुनाच्या तोंडून ऐकणे आणि त्याच्याच तोंडून ऐकणे ह्यांतील अंतर, हिंदनगरच्या कुंपणाएवढेच खरे आहे. फरक इतकाच, की थोरातांच्या सैनिकांना भाषा शिकावयास काही महिने मिळाले. आपणांस वर्षे मिळतात.

आणि येथे तर आपणांस एक जास्तीचे कारण आहे. पंजाबात घुमान येथे वास्तव्य केलेल्या संत नामदेवांची ६१ पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत, ती गुरुमुखी अक्षरांत. ही अक्षरे आपल्या सेक्टरातील दुकानांच्या पाट्यांवर रोज दिसतात. सेजोंगची २४ अक्षरे शिकण्याचा उत्साह ज्यांना आहे, त्यांना गुरुमुखीची पस्तीस जड जाऊ नयेत. म्हणून कोरियन वर्ग संपताच आम्ही ती गिरवावयास घेतली आहेत. शेजारचे एक वृद्ध सरदारजी शिकवितात; आमचे उच्चार ऐकून ते हसतात, परंतु शिकवावयाचे थांबत नाहीत.