मालिश नाकारलेला खेळाडू

आज एका खेळाडूची गोष्ट सांगतो. बड्या लीगमधले त्याचे सामने अवघे ५४. विक्रमांच्या यादीत हा आकडा कुणाच्या नजरेतही भरणार नाही. तरीही इतिहास शिकवताना मला हा माणूस वारंवार आठवतो.

खेळ ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. १८५८-५९ च्या सुमारास मेलबर्नमध्ये आकाराला आलेला. लंबवर्तुळाकार मैदान, दोन्हीकडे १८-१८ खेळाडू, चेंडूही लांबट. तो पायानं मारायचा किंवा मुठीनं टोलवायचा. धक्काबुक्की भरपूर, त्यामुळे उंच, धिप्पाड गडी हवेत. आणि आपला नायक, डग निकोल्स, जेमतेम सव्वापाच फुटांचा! पण पायांत विलक्षण वेग.

१९०६ मध्ये मरे नदीकाठी कमेरागंजा या आदिवासी वसाहतीत तो जन्मला. लहानपणी त्याच्या डोळ्यांदेखत पोलिसांनी थोरल्या बहिणीला, हिल्डाला, घरातून नेलं. गोऱ्यांच्या घरी मोलकरणीचं काम करायला अशा मुलींना तयार केलं जाई.

१९२७ च्या सुमारास तो मेलबर्नच्या कार्लटन क्लबकडे सरावाला गेला. सरावानंतर खेळाडूंच्या अंगाला मालिश करण्याची तिथे पद्धत होती. मालिशवाल्यांनी याच्या अंगाला हात लावायला नकार दिला. म्हणे, वास येतो! स्पर्श नाकारणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. डग तिथून निघाला आणि दुय्यम स्पर्धेतल्या नॉर्थकोट संघाकडून खेळू लागला. १९२९ मध्ये त्या संघानं अजिंक्यपद मिळवलं.

१९३२ मध्ये त्याला फिट्झरॉय क्लबनं, म्हणजे पुन्हा बड्या लीगनं, बोलावलं. कपडे बदलायच्या खोलीत तो कोपऱ्यात एकटाच बसला. पूर्वीचा अनुभव ताजा होता. तेव्हा संघाचा सर्वांत नावाजलेला खेळाडू हेडन बंटन उठला आणि त्याच्या शेजारी येऊन बसला. एवढंच. भाषण नाही, घोषणा नाही. पण मला वाटतं, त्या खोलीतली हवा त्या क्षणी बदलली असेल. १९३५ मध्ये डग व्हिक्टोरिया राज्याच्या संघात निवडला गेला. हा मान मिळवणारा तो पहिला आदिवासी खेळाडू.

गुडघ्यांनी दगा दिला आणि १९३७ मध्ये फिट्झरॉयचं पर्व संपलं. एरवी खेळाडूची गोष्ट इथे संपते. डगची इथून सुरू झाली. तो पाद्री झाला. शहरात पोटासाठी आलेल्या आदिवासींचा आधार झाला. मैदानावर मिळालेलं नाव त्यानं त्यांच्या हक्कांसाठी वापरलं. त्या काळी देशाच्या लोकसंख्येत आदिवासींना धरतच नसत. तशी तरतूद राज्यघटनेतच होती! ती काढून टाकण्यासाठी १९६७ मध्ये सार्वमत झालं. डग प्रचारात हिरिरीनं उतरले होते, आणि ९० टक्क्यांहून अधिक मतदारांनी बदलाच्या बाजूनं कौल दिला.

१९७२ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. १९७६ मध्ये ते दक्षिण ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर झाले, राज्याचं हे पद भूषवणारे पहिले आदिवासी. आजारपणामुळे काही महिन्यांतच त्यांना पद सोडावं लागलं. १९८८ मध्ये त्यांचं निधन झालं आणि कमेरागंजाच्या मातीतच त्यांना विसावा मिळाला.

२०१६ पासून या लीगमधली आदिवासींच्या सन्मानार्थ होणारी सामन्यांची फेरी 'सर डग निकोल्स' यांच्या नावानं खेळली जाते. त्यात कार्लटनही उतरतो. पण या गोष्टीनं भारावून जाण्याआधी मी विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारतो. गव्हर्नरांशी हस्तांदोलन करायला रांग लागते. कोपऱ्यात बसलेल्या त्या पोराशेजारी जाऊन बसायला आपल्यातले किती जण उठले असते?