शुद्ध दूध आणि नववीचा वर्ग

नववीतला तो तास तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. बाईंनी लोहकीस आणि गंधक एकत्र केले. लोहचुंबक फिरवताच कीस बाजूला निघाला. मग तेच मिश्रण परीक्षानळीत तापवले, तर काळा गोळा उरला आणि चुंबकाने त्यातून काही ओढले नाही. "हे संयुग. लोह सात भाग, गंधक चार भाग. दर वेळी तेवढेच," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी विचारले, "आणि दूध?" मी मागच्या बाकावरून ओरडलो, "भेसळ!" सगळा वर्ग हसला. ज्याच्या घरी दुधाचे रतीब होते, तो मात्र मान खाली घालून बसला.

पुढे मी रसायनशास्त्रच शिकलो, तेव्हा कळले की हा भेद ठरवायला मोठमोठ्यांनाही वर्षे लागली. स्पेनमध्ये काम करणाऱ्या जोसेफ प्रूस्त या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1799 च्या सुमारास दाखवले की खाणीतले कॉपर कार्बोनेट आणि प्रयोगशाळेत केलेले, दोन्हींतले घटकांचे प्रमाण एकच असते. क्लोद बर्थोले यांना हे पटले नाही. मिश्रधातू, काच, द्रावणे यांत प्रमाण हवे तसे बदलते, असा त्यांचा दाखला होता. प्रूस्त यांचे उत्तर होते, ती संयुगे नव्हेत, मिश्रणे आहेत. कथलाची दोन ऑक्साइडे होतात, पण प्रत्येकाचे प्रमाण ठरलेले. मधली पायरी नाही. हा वाद काही वर्षे चालला, पण दोघांनी एकमेकांचा मान राखला. 1808 मध्ये डाल्टन यांचा ग्रंथ आला आणि ठरलेल्या प्रमाणामागचे कारण अणूंत सापडले.

या वादात मिश्रण हलके ठरले नाही. पितळ मिश्रण, हवा मिश्रण. दुधात पाणी, स्निग्धांश, प्रथिने, शर्करा, क्षार, म्हणूनच त्यावर लेकरू वाढते. ऊर्ध्वपातित पाणी रसायनशास्त्रात शुद्ध, पण त्याने पोट भरत नाही. बाजारातला 'शुद्ध' आणि प्रयोगशाळेतला 'शुद्ध' हे दोन वेगळे शब्द आहेत. भेसळ म्हणजे फसवणूक, मिश्रण म्हणजे नुसती रचना.

हे मला त्या दिवशी कळत नव्हते. मित्रा, स्नेहमेळाव्याला तू येणार आहेस असे कळले. तुझ्या वडिलांचे दूध मिश्रणच होते, आणि त्यात भेसळ कधीच नव्हती. चाळीस वर्षे उशिरा का होईना, मला माफ कर.