ओसरीवरचा पाहुणा

नगर-सोलापूर रस्त्यावर कर्जत तालुक्यात मिरजगाव लागते. भाग अवर्षणाचा. मिशनच्या काळातल्या आठवणी कुणाकडे उरल्या आहेत का, हे पाहत मी काही वर्षांपूर्वी तिकडे हिंडत होतो. एका घरी आजींनी, मी कोण आणि कशासाठी आलो हे विचारण्याआधी तांब्याभर पाणी पुढे केले. मग भाकरी आणि ठेचा आला. त्या दिवशी वहीत फारसे उतरले नाही. पण परतताना एक प्रश्न बरोबर आला. मिशनरी या खेड्यांतून दौरे करत, तेव्हा ते कुणाच्या दारात टेकत?

मिशनचा इतिहास आपण बहुधा देणाऱ्याच्या बाजूने वाचतो. अमेरिकन मिशनने १८१३ मध्ये मुंबईत काम सुरू केले आणि १८३१ मध्ये नगरला ठाणे केले. पुढे शाळा आल्या, दवाखाने आले, दुष्काळात मदत झाली. हे सारे नोंदले गेले, ते योग्यच. पण देणारा वाटेत घेतही होता, ती बाजू जमाखर्चात येत नाही.

या मिशनच्या पहिल्या फळीतले गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिककडे दौऱ्यावर गेले. तिकडे पटकीची साथ होती. जवळची औषधे त्यांनी रोग्यांना वाटली आणि परतीच्या वाटेवर स्वतःच साथीला बळी पडले. शेवटची रात्र त्यांनी एका देवळाच्या ओसरीवर काढली. मूर्तिपूजेविरुद्ध बोलणाऱ्या या माणसाला अखेरचा निवारा मिळाला तो देवळाचा. वाटसरूचा धर्म विचारण्याची ओसरीची रीत नव्हती.

या आतिथ्याला मर्यादा होती, ती जातीची. नगर जिल्ह्यात मिशनची वस्ती मुख्यतः महार-मांग समाजात वाढली. ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, त्यांच्याच घरचे पाणी आणि भाकरी मिशनच्या फिरत्या माणसांना मिळे. जिथे पाण्याचा घोट कष्टाने आणावा लागतो, तिथे तो पाहुण्याला आधी देणे ही साधी गोष्ट नव्हे. म्हणून या पाहुणचाराचे नुसते कौतुक करून भागत नाही. तो कुणाच्या वाट्याचा होता, हेही पाहावे लागते.

घेण्याचा हा धडा पुढे काहींनी उघडपणे गिरवला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक नगरला राहिले. ख्रिस्ताला भजन-कीर्तनातून या मातीत आणावे, ही त्यांची तळमळ होती. १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. १९१९ मध्ये ते गेले. त्यांचा प्रभाव पडलेले इंग्लिश धर्मगुरू जॅक विन्स्लो हे ईटन आणि ऑक्सफर्डमध्ये शिकलेले. बंगल्यात राहून सेवा करता येते, पण सोबती होता येत नाही, हे त्यांना कळले. १९२२ मध्ये नगरला त्यांनी काही भारतीय तरुणांसह ख्रिस्त सेवा संघ काढला. सभासद खादी वापरत, जमिनीवर मांडी घालून जेवत. पाहुण्याने यजमानाच्या घरची रीत पाळावी, तसाच हा प्रकार.

१९२७ मध्ये या संघात व्हेरियर एल्विन दाखल झाले. १९२८ च्या जानेवारीत ते साबरमतीला गांधींच्या आश्रमात पाहुणे होते. तो अनुभव त्यांना बदलून गेला. १९३२ मध्ये मराठी सहकारी शामराव हिवाळे यांच्यासह ते मैकल डोंगरांतल्या करंजिया गावी गोंडांमध्ये राहायला गेले. शिकवायला गेलेले एल्विन तिथे शिकणारे झाले आणि धर्मांतराचे काम त्यांनी सोडून दिले.

विन्स्लो, एल्विन यांची नावे पुस्तकांत आहेत. त्यांना आणि त्यांच्याआधीच्या फिरस्त्यांना बसायला घोंगडी टाकणाऱ्यांची नावे अहवालांत क्वचितच सापडतात. सेवेचा अर्थ ज्यांनी शिकवला, त्यांचीच नोंद राहून गेली. ती करायची तर दप्तरखाने पुरणार नाहीत. गावोगाव, घरोघर जावे लागेल. आणि तिथे वही उघडण्याआधी पाणी घ्यावे लागेल.