आधी जिभेला कळलं

जानेवारी १९८४. वेल्समधल्या डी नावाच्या नदीत फिनॉल मिसळलं आणि तेच पाणी नळाने साधारण २० लाख लोकांपर्यंत पोचलं. पाण्याची चव बिघडली हे लोकांना घरबसल्या कळलं.

गंमत अशी की इतकी तीव्र चव नुसत्या फिनॉलची नसते. जंतू मारायला घातलेल्या क्लोरीनशी त्याची अभिक्रिया होऊन क्लोरोफिनॉलं तयार होतात. मग पाण्याला दवाखान्यासारखी चव येते. त्यांतलं २-क्लोरोफिनॉल लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम असलं तरी जाणवू शकतं. म्हणजे एक कोटी लिटर पाण्यात एक ग्रॅम!

मला हा सगळा इतिहास जिभेमागे धावणाऱ्या प्रयोगशाळेचा वाटतो. रुंगेने १८३४ साली कोळशाच्या डांबरातून फिनॉल वेगळं केलं. पण पाण्यातलं फिनॉल मोजायची आजही चालणारी पद्धत उभी आहे ती एमर्सनच्या १९४३च्या अभिक्रियेवर. पाण्याचं ऊर्ध्वपातन करायचं, त्यात ४-अमिनोअँटिपायरीन आणि पोटॅशियम फेरीसायनाईड घालायचं. लाल रंग आला की फिनॉल आहे. तो रंग क्लोरोफॉर्ममध्ये उतरवून घेतला, की लिटरमागे एखादा मायक्रोग्रॅमही मोजता येतो. भारतीय मानकातली पिण्याच्या पाण्याची मर्यादाही तेवढीच आहे: ०.००१ मिलिग्रॅम.

पण ही चाचणी अर्धी आंधळी आहे. डांबरातच सापडणाऱ्या पॅरा-क्रेसॉलला ती जवळपास रंगच देत नाही. म्हणून रिपोर्टमध्ये ‘एकूण फिनॉल’ दिसलं, की मी आधी पद्धतीचं नाव बघतो. त्यातलं ‘एकूण’ फसवं असू शकतं.

गाळाची तर वेगळीच कथा. लाकूड टिकवायला वापरलेलं पेंटाक्लोरोफिनॉल गाळाच्या कणांना चिकटून बसतं. वरचं पाणी निर्मळ दिसलं, तरी ते तळाशी असू शकतं. ते द्रावकाने गाळातून काढून घ्यावं लागतं. मग गॅस क्रोमॅटोग्राफ आणि मास स्पेक्ट्रोमीटर प्रत्येक फिनॉल वेगळं ओळखून दाखवतात. रंगाच्या चाचणीला हे कधीच जमलं नसतं.

डीच्या काठी नंतर पोस्टाने प्रश्नावल्या पाठवल्या गेल्या. दूषित पाणी मिळालेल्यांनी पोटाच्या तक्रारी जास्त नोंदवल्या, आणि त्या तक्रारींचा विचित्र चवीशी जवळचा संबंध दिसला. चवीने धास्तावून पोट बिघडल्यासारखं वाटलं की खरंच बिघडलं, हे प्रश्नावलीतून वेगळं काढणं अवघडच. १९९९ साली डीचं खोरं ब्रिटनमधलं पहिलं जलसंरक्षण क्षेत्र ठरलं.