तिसऱ्या घंटेआधीचे वीस तास

शुक्रवार, रात्री 11.00. पडद्याला 20 तास.
छत्रपती संभाजीनगर, सिडकोतली माझी खोली. उद्या संध्याकाळी 7 ला नाटकाचा प्रयोग. पार्श्वसंगीत तयार आहे: तानपुरा, सनई, संबळ. तिन्ही व्हर्च्युअल वाद्यं. एकदम वाजवली की लॅपटॉप दमतो, आवाज तुटतो. ठरवलं, सगळं रेंडर करून ऑडिओ करायचं.

रात्री 12.30. साडेअठरा तास.
ही व्हर्च्युअल वाद्यं मिडीवर चालतात. मिडीत आवाज नसतो, सूचना असतात: कोणता स्वर, केव्हा, किती जोरात, तोही 0 ते 127 मधल्या आकड्यांत. 1983 पासून जगभरची इलेक्ट्रॉनिक वाद्यं ही भाषा बोलतात. त्या सूचनांना जीव देतं ते ऑटोमेशन. संगीत नाटकात ऑर्गनवाला नटाचा श्वास बघून आवाज हलका-जड करायचा. ऑटोमेशन म्हणजे तोच चढउतार, रेघेत लिहून ठेवलेला. नाटकातल्या आईच्या स्वगताखाली माझा तानपुरा उणे 18 डेसिबलवरून 90 सेकंदांत शून्यावर चढतो आणि तिथे संबळ पडतो. त्या रेघेवर तीन रात्री गेल्या होत्या.

रात्री 1.15. पावणेअठरा तास.
रेंडरच्या खिडकीत ‘व्हॉल्यूम आणि पॅनसह’ या पर्यायावर आधीपासूनच खूण होती. मी पाहिलं नाही. चढ आवाजात मुरला. नव्या ऑडिओ ट्रॅकवर जुनी रेघही जशीच्या तशी आली. एकच चढ दोनदा लागला. उणे 18 चे उणे 36 झाले. मूळ पातळीच्या आठव्या भागाइतका ठेवलेला आवाज त्रेसष्टाव्या भागावर आला.

रात्री 2.00. सतरा तास.
दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, कानाला हेडफोन. तानपुरा ऐकू आला. नाजूक वाटला, आवडला. वाद्यांचे मूळ ट्रॅक पुसले, प्रोजेक्ट त्याच नावाने सेव्ह केला, अंतिम फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि झोपलो.

शनिवार, दुपारी 4.00. तीन तास.
जालना रोडने क्रांती चौक ओलांडून नाट्यगृहावर. लॅपटॉप घरी, खिशात फक्त पेनड्राइव्ह. प्रकाशयोजना लांबली होती. ध्वनीला दहा मिनिटं मिळाली. मी थेट शेवटचा संबळ लावला. तो शून्यावर होता, आणि शून्याची दुप्पट शून्यच. दणदणीत वाजला. ध्वनी सांभाळणारा पोरगा म्हणाला, “दादा, सुरुवात ऐकायची का?”
“राहू दे. ठीक आहे.”
वाचण्याची शेवटची संधी तीच होती.

संध्याकाळी 7.00.
तिसरी घंटा झाली. पडदा उघडला.

रात्री 8.10.
स्वगताचा क्यू. भरलेलं नाट्यगृह, एसीची घरघर, कुणाचा तरी खोकला. तानपुरा नाही. आईचं काम करणाऱ्या काकू त्या सुरावर पहिलं वाक्य उचलायच्या. त्या उभ्याच राहिल्या. फाइल चुकली असं वाटून पोराने मुख्य फेडर वर ढकलला. काकूंनी अखेर कोरडंच बोलायला सुरुवात केली.

रात्री 8.11 नंतर काही सेकंद.
रेघ माथ्यावर पोचली. चढवलेल्या फेडरवर संबळ कोसळला. पुढच्या रांगा दचकल्या. ज्या वाक्यासाठी ते स्वगत लिहिलं होतं, ते एकाही प्रेक्षकाला ऐकू गेलं नाही.

रात्री 9.30.
मेकअप उतरवता उतरवता काकू एवढंच म्हणाल्या, “मी वाट बघत होते रे.”

रात्री 11.00.
घरी लॅपटॉप उघडला. ऑडिओ ट्रॅकवरचं ऑटोमेशन बंद केलं. एक बटण. तानपुरा होता तसा परत आला. दुरुस्ती एका सेकंदाची होती, पण ती प्रयोगानंतर झाली.

संगीत करणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे. फिल्टर आणि एक्स्प्रेशन वाद्याच्या आतले असतात, ते ऑडिओत मुरू द्या. व्हॉल्यूम आणि पॅन मात्र एकाच जागी ठेवा: मुरवले असतील तर नव्या ट्रॅकवरची रेघ काढा, रेघ ठेवायची असेल तर मुरवू नका. मूळ ट्रॅक पुसू नका. बंद करून लपवा आणि प्रोजेक्ट नव्या नावाने सेव्ह करा. आणि नाट्यगृहात सगळ्यात मोठा आवाज तपासून उठू नका. सगळ्यात हळू आवाज ऐका, सुरुवातीपासून. नट त्याच्यावर उभा असतो.