चुकून वाढलेले तापमान

तव्यावर अंडे फोडले की त्यातला पाण्यासारखा पातळ रस घडीभरात पांढरा आणि घट्ट होतो. मग तवा कितीही गार करा, तो रस पुन्हा पातळ होत नाही. त्या रसातली प्रथिने म्हणजे नीट घडी घातलेले सूक्ष्म धागेच. उष्णतेने त्यांच्या घड्या उलगडतात, आणि उलगडलेले धागे एकमेकांत गुंतून गोळा होतो.

आता गंमत बघा. वनस्पती असो, प्राणी असो, की तुम्ही-आम्ही असू. प्रत्येकाच्या पेशीत अशीच प्रथिने खच्चून भरलेली आहेत. मग वैशाखाच्या उन्हात रोपटे उभे राहते ते कशाच्या बळावर? या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला धागा सापडला तो मात्र दूर इटलीत, आणि तोही एका चुकीमुळे.

फेरुचो रितोस्सा हा १९३६ साली जन्मलेला इटालियन संशोधक. पिकल्या केळ्यांभोवती घोंघावणारी चिलटे आपण हाताने उडवून लावतो. हा तरुण त्यांच्याच जातीच्या माशीच्या अळ्या घेऊन बसला होता. या अळीच्या लाळेच्या ग्रंथींत गुणसूत्रे इतकी जाड असतात की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसतात. त्यांवर जागोजागी फुगवटे येतात. जिथे फुगवटा, तिथले जनुक कामाला लागलेले, असे समजावे. रितोस्सा हे फुगवटे तपासत असे.

एके दिवशी कोणा सहकाऱ्याने ग्रंथी ठेवलेल्या पेटीचे तापमान नकळत वाढवले. रितोस्साने पाहिले तो नेहमीचे फुगवटे मावळलेले आणि भलत्याच जागी नवे उठलेले! आपण असतो तर काय केले असते? ‘प्रयोग बिघडला’ म्हणून काच धुऊन टाकली असती. त्याने तसे केले नाही. तापमान मुद्दाम वाढवून पाहिले. पुन्हा तेच फुगवटे, आणि तेही काही मिनिटांतच. काही रसायनांनीही तोच परिणाम होतो, असे त्याला दिसून आले.

त्याने निबंध लिहिला. पुढे त्यानेच सांगितल्याप्रमाणे, एका नामांकित नियतकालिकाने तो परत पाठवला. या गोष्टीला जीवशास्त्रात काही महत्त्व दिसत नाही, असे कारण दिले. अखेर १९६२ साली ‘एक्स्पिरिएन्शिया’ या नियतकालिकात तो छापून आला. त्यानंतर बरीच वर्षे त्याकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही.

१९७४ साली आल्फ्रेड तिसिएर, हर्शेल मिचेल आणि अर्सुला ट्रेसी यांनी दाखवून दिले की, उष्णता वाढताच माशीच्या पेशी काही ठराविक प्रथिने भराभर बनवू लागतात. पुढे अशी प्रथिने जिवाणूंत, वनस्पतींत, माणसांतही मिळाली. म्हणजे चिलटाची ही युक्ती साऱ्या सजीवसृष्टीची निघाली.

ही प्रथिने करतात काय? आपल्याकडे नवी नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा सोबत पाठराखीण जाते. ती घर चालवत नाही. नवरीला सांभाळते, बावरू देत नाही. तसेच हे. उलगडू लागलेल्या प्रथिनाला पाठराखीण धरून ठेवते, भलत्याशी गुंतू देत नाही, पुन्हा नीट घडी पडायला मदत करते. विलायतेतल्या जॉन एलिस यांनी १९८७ साली अशा प्रथिनांच्या साऱ्या वर्गाला जे नाव लावले, त्याचाही अर्थ जवळपास पाठराखीण असाच होतो.

एरवी या पाठराखिणी, नव्या पाठराखिणी बनवण्याचा हुकूम देणाऱ्या प्रथिनालाच अडवून बसलेल्या असतात. उष्णतेने प्रथिने बिघडू लागली की त्या तिकडे धावतात. हुकूम देणारे मोकळे सुटते आणि नवी कुमक तयार होऊ लागते. काम उरकले की त्या पुन्हा येऊन त्याला अडवतात. म्हणूनच आधी थोडा ताप सोसलेले रोप पुढचा कडक ताप अधिक सोसते. त्याच्या पेशीत कुमक आधीच जमलेली असते.

पण या बंदोबस्तालाही मर्यादा आहे. ताप फार झाला, फार वेळ टिकला, तर पाठराखिणी अपुऱ्या पडतात आणि पेशी मरते. तेव्हा त्यांच्या भरवशावर भर उन्हात राबू नका. सावली आणि पाणी यांना पर्याय नाही.

रितोस्सा २०१४ साली वारला. त्याने उचललेला धागा आज जगभरच्या प्रयोगशाळांतून पुढे नेला जात आहे. गुरुजनहो, वर्गात एखाद्या मुलाचे उत्तर पुस्तकाशी जुळले नाही, तर ‘खोडून टाक’ म्हणण्याआधी एवढेच विचारा: “बाळा, पुन्हा केलेस तर तेच येते का रे?” रितोस्साने स्वतःला विचारला तो हाच प्रश्न.