बी, माती आणि गप्प बसलेलं जनुक

आज आपण प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरस्थ ग्रंथीच्या कर्करोगाकडे इतिहासाच्या बाजूने बघणार आहोत. प्रश्न एकच आहे. ही गाठ काहींच्या शरीरात वर्षानुवर्षं जागच्या जागी राहते आणि काहींच्या हाडांपर्यंत जाते. असं का? हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. ग्रंथीपुरत्या राहिलेल्या गाठीने माणूस सहसा दगावत नाही. रोग पसरला की दगावतो.

सुरुवात १८८९ पासून करू. लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने गेलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. रोग वाटेल तिथे पसरत नाही, काही अवयव त्याला अधिक मानवतात, असं त्यांना दिसलं. त्यांनी बी आणि माती अशी उपमा दिली. प्रोस्टेटच्या रोगाला मानवणारी माती म्हणजे मुख्यतः हाडं. पण बी रुजण्याजोगं कशाने होतं?

१९४१ मध्ये शिकागो विद्यापीठात चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी रोग हाडांपर्यंत गेलेल्या रुग्णांची वृषणं काढली, किंवा त्यांना स्त्री-संप्रेरक दिलं. रक्तातलं ॲसिड फॉस्फटेज उतरलं. म्हणजे बघा, दूर गेलेल्या पेशीसुद्धा पुरुष-संप्रेरकाचा हुकूम ऐकत होत्या! हगिन्स यांना १९६६ मध्ये नोबेल मिळालं. मात्र बहुतेक रुग्णांचा रोग काही काळाने पुन्हा उसळायचा.

आता जनुकांकडे वळू. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच संच असतो. फरक पडतो तो कोणतं जनुक जागं आहे आणि कोणतं झोपलंय, यामुळे. १९९५ मध्ये केएआय-१ हे जनुक सापडलं. ते उंदरांच्या प्रोस्टेट-कर्करोगाच्या पेशींत घातलं, तर त्या कमी पसरल्या. माणसाच्या पसरलेल्या गाठींपासून वाढवलेल्या पेशींत मात्र त्याची सक्रियता घटलेली होती. पुढच्या अभ्यासांत दिसलं, की हे जनुक सहसा बिघडलेलं नसतं, नुसतं गप्प बसवलेलं असतं.

गप्प कोण बसवतं? त्याला एकच उत्तर नाही. पण २००२ मध्ये मिशिगन विद्यापीठात अरुल चिन्नय्यन यांच्या गटाने ईझेडएच-२ या जनुकाकडे बोट दाखवलं. त्याचं प्रथिन इतर अनेक जनुकांना झोपवतं. आणि पसरलेल्या गाठींत ते ग्रंथीपुरत्या गाठींपेक्षा जास्त आढळलं.

हगिन्स यांच्या कोड्यावर २००४ मध्ये चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाने प्रकाश टाकला. उपचारांना न जुमानणाऱ्या गाठींत संप्रेरक पकडणाऱ्या ग्राहीचं जनुक अधिक सक्रिय होतं. म्हणजे काय, तर हुकूम क्षीण झाला तरी कान तीक्ष्ण झाले होते. त्या उरल्यासुरल्या संप्रेरकाची निर्मितीही अडवणारं ॲबिराटेरोन हे औषध २०११ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.

या सगळ्याचा आपल्याला उपयोग काय? रिपोर्टमध्ये कर्करोग हा शब्द वाचला की घर हादरतं. पण प्रत्येक गाठ पसरणारी नसते. काहींवर नुसती नियमित नजर ठेवली तरी चालतं. आज गाठीतल्या निवडक जनुकांची सक्रियता मोजून डॉक्टरांना हा अंदाज बांधायला मदत होते. पॅजेट यांनी नोंदवह्यांतून विचारलेला प्रश्न आता आपण थेट पेशीला विचारू लागलो आहोत. उत्तर अजून पुरतं हाती आलेलं नाही. इथे थांबू, आणि प्रश्नोत्तरांकडे वळू.